झुंबरांच्या सिनेमातली एक खिडकी

माझ्या नवऱ्यानं नोकरीची सगळी वर्षं विमा कचेरीत मृत्यूचे दावे तपासण्यात घालवली. माणूस कशानं गेला, कधी गेला, जाण्याआधी हप्ता भरला होता का, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं असे. समोर बसून बायका रडायच्या आणि हे त्यांच्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवून वारसानं सही कुठं करायची ते दाखवायचे. निर्दयपणा म्हणून नव्हे, काम म्हणून. त्यामुळे निवृत्तीनंतर एका संध्याकाळी सिनेमा संपून दिवे लागले आणि या माणसाचे डोळे लाल दिसले, तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं, एसीचं वारं बाधलं असेल.

तिकिटं लेकीनं पाठवली होती. आमची एकुलती एक लेक नोकरीसाठी बंगळुरूला असते. आमच्या लग्नाचा वाढदिवस होता, तर तिनं तिकडून मोबाइलवरच दोन जागा राखून ठेवल्या आणि कळवलं, "नक्की बघा, सगळे बघतायत." सगळे बघतायत ही शिफारस ऐकून मी आयुष्यात बरंच काही वाईट बघितलं आहे. पण लेकीनं पाठवलेलं तिकीट वाया घालवायचं नसतं, म्हणून गेलो.

त्या सिनेमाची गोष्ट सांगायला फार वेळ लागत नाही, दाखवायला मात्र लागतो. एका संस्थानाचा धाकटा राजपुत्र अत्तर गाळणाऱ्या कारागिराच्या मुलीच्या प्रेमात पडतो. या दोघांचं काही जमणार नाही, हे सुरुवातीलाच दरबाराला कळतं, प्रेक्षकांना कळतं, मला वाटतं घोड्यांनाही कळतं. फक्त त्या दोघांना कळायला मध्यंतर जवळ यावं लागतं. मग तिला थोरल्या राजपुत्राची बायको करून राजवाड्यात नेतात. धाकटा लढाईवर जातो, छातीवर बाण घेतो आणि मरतो. मरतो म्हणजे मरायला लागतो. बाण लागल्यावर आधी तो आभाळाकडं बघतो. मग एक शेर म्हणतो. मग घोड्याची समजूत काढतो. मग उठून उभा राहतो आणि पुन्हा पडतो. माझ्या पलीकडच्या खुर्चीतले एक गृहस्थ "गेला आता" म्हणत चपला शोधायला वाकले होते. राजपुत्र पुन्हा उठला तसे बिचारे निराश होऊन सरळ बसले. थोड्या वेळानं पुन्हा वाकले, पुन्हा सरळ बसले.

इकडं ती अत्तरात विष कालवून पिते. तीही लगेच जात नाही. तिला आधी राजवाड्याच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत पळायचं असतं. तो व्हरांडा इतका लांब, की ती पळायला लागली तेव्हा मला वाटलं, आता सोलापूर मागं टाकून कुंभारी गाव येणार. तिच्यामागं फरफटत येणाऱ्या ओढणीत आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांच्या चादरी सहज बसल्या असत्या. आणि झुंबरं. दिवाणखान्यात झुंबर, न्हाणीत झुंबर, तबेल्यात झुंबर. घोड्याच्या डोक्यावर लटकलेलं झुंबर बघून मी यांच्या कानात म्हटलं, "रात्री पुसायला कोण चढत असेल हो?" यांनी उत्तर दिलं नाही. एरवी सिनेमा चालू असताना माझ्यापेक्षा जास्त हेच बोलतात.

खोटं कशाला बोलू, काही गोष्टी चांगल्या होत्या. अत्तरवाल्याच्या अंगणातल्या तांब्याच्या मोठ्या भांड्यांवर पडलेलं सकाळचं पिवळं ऊन असं टिपलं होतं, की खुर्चीत बसून वास यावा. एक गाणं कानात राहिलं. आणि तिच्या बापाचं काम करणारा म्हातारा नट, ज्याचं नाव जाहिरातीवर कुठंच नव्हतं, तो पडद्यावर आला की बाकीचे सगळे दुकानातल्या पुतळ्यांसारखे दिसायला लागायचे. पण त्याला दिग्दर्शकानं फार वेळ ठेवलाच नव्हता. त्याच्याकडं झुंबर नव्हतं ना.

बाहेर आल्यावर मी सुटले. रिक्षात बसल्यापासून घराचं कुलूप उघडेपर्यंत मी त्या सिनेमाची साल काढत होते. मी कॉलेजात मराठी शिकवते, कवितेचं रसग्रहण करायला लावून पोरांना छळणं हा माझा धंदाच आहे, त्यामुळे एकदा सुरू झाले की थांबत नाही. हे शांतपणे ऐकत होते. शेवटी चप्पल काढता काढता म्हणाले, "चांगला आहे सिनेमा."

"काय चांगलं आहे त्यात?"

"आहे चांगला," असं म्हणून ते हातपाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी समोरच्या आपा आल्या. आपा उर्दू शाळेत शिकवतात. आमची घरं समोरासमोर आहेत आणि ईदचा शीरखुर्मा, संक्रांतीची बाजरीची भाकरी आणि एकमेकींच्या संसाराची गाऱ्हाणी वर्षानुवर्षं रस्ता ओलांडून जात-येत असतात. त्यांनीही तो सिनेमा बघितला होता. म्हणजे मला वेगळी मेजवानी नको होती.

"बाई, तुम्हाला झुंबरांचं पडलंय," आपा म्हणाल्या, "मला त्या राजपुत्राच्या जिभेचं पडलंय. एवढे पैसे खर्च करून मेल्यांना एक उर्दूचा मास्तर मिळाला नाही? मरताना म्हणतो, मेरा गम, मेरा गम. अगं, ग़म म्हण की! मला कळेना, हा दुःखी हाय का गोंदानं पाकीट चिकटवतोय!"

मी हसून हसून कोसळले. आपांनी मग त्याची नक्कल केली. छातीवर हात, मान तिरकी, आणि आमच्या सोलापुरी दखनीत, "अरे भई, मरना है तो मर ना, लोगां को घर जाना है!" आतल्या खोलीतून हे बाहेर आले. आपांना नमस्कार केला, टोपी घातली आणि "वाचनालयात जाऊन येतो" म्हणून भर दुपारी निघून गेले. एप्रिलच्या उन्हात सोलापुरात दुपारी कुत्रीसुद्धा रस्ता सोडून गटारीच्या कडेला सावलीत पडलेली असतात. मला वाटलं, आपण फार टिंगल केली म्हणून रुसले.

पण त्यानंतर ते दुपारचे वाचनालयात जायलाच लागले. रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा. यायचे ते चक्क ताजेतवाने होऊन. मी विचारलं, काय वाचताय? तर म्हणाले, वर्तमानपत्रं. आमच्या घरी दोन वर्तमानपत्रं येतात. निवृत्त माणसाला बाहेर पडायला काहीतरी निमित्त लागतं, हे मला समजत होतं, म्हणून मी जास्त खोदलं नाही.

खोदलं ते आपांनी. त्या आपल्या नणंदेच्या नातवंडांना कार्टूनचा सिनेमा दाखवायला घेऊन गेल्या होत्या. तिथून तडक माझ्याकडं आल्या, बुरखासुद्धा न काढता स्वयंपाकघरात आल्या आणि म्हणाल्या, "बाई, भाऊजींचं वाचनालय एसीचं हाय. आणि तिथं पॉपकॉर्न मिळतं."

"म्हणजे?"

"म्हणजे आपल्या राजपुत्राकडं जातेत ते. आज मी डोळ्यानं बघितलं. एकटेच होते. तिकीट तपासणारी पोरगी त्यांना बघून हसली, ओळखीचं हसली. पहिल्यांदा गेलेल्या माणसाकडं बघून असं कुणी हसत नाही."

मला काय वाटलं ते नीट सांगायचं तर आधी हसू आलं, मग राग आला आणि मग थोडी भीती वाटली. एकटे होते हे आपांनी नक्की बघितलं होतं का? साठी ओलांडलेला माणूस एकच सिनेमा पुन्हा पुन्हा बघायला चोरून जातो, तेही प्रेमाचा आणि मरणाचा, याचा अर्थ बायकोनं काय लावायचा? आपांनी माझा चेहरा वाचला.

"चला, बघू या की," त्या म्हणाल्या. "माझी शाळा सुटीवर हाय, तुमचं कॉलेज सुटीवर हाय. नाहीतरी त्या मेल्याचा ग़म मला एकदा नीट मोजून बघायचाच हाय."

तर त्या आठवड्यात, हे "वाचनालयात" निघाल्यावर, आम्ही दोघी दुसऱ्या रिक्षानं त्यांच्यामागं गेलो. दोन प्रौढ शिक्षिका एका निवृत्त विमा अधिकाऱ्याचा पाठलाग करतायत, हे आमच्या विद्यार्थ्यांनी बघितलं असतं तर त्यांना सिनेमाला जायची गरज उरली नसती. आम्ही सगळ्यात मागच्या रांगेत बसलो. थिएटर जवळजवळ रिकामं होतं. हे आमच्या पुढं बऱ्याच अंतरावर, मधल्या खुर्चीत, एकटे. शेजारी कुणी नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि लगेच मला त्याचाही राग आला. बाई नाही, काही नाही, मग हा माणूस इथं येतो तरी कशाला?

सिनेमा सुरू झाला. आपा माझ्या कानात राजपुत्राच्या चुका सांगत होत्या. "बघा, फूलला फ़ूल म्हणाला. ह्याला जिथं नको तिथं नुक्त्याचा ठिपका लागतो आणि जिथं पाहिजे तिथं लागत नाही." मी यांच्या डोक्याकडं बघत होते. प्रेमाची गाणी आली, हे हलले नाहीत. गुलाबाच्या पाकळ्यांचा पाऊस पडला, यांनी घड्याळ बघितलं. नायक-नायिका होडीत बसून एकमेकांच्या डोळ्यांत बघायला लागले, तेव्हा तर यांनी चक्क जांभई दिली. मागून दिसली ती मला.

मग ती वेळ आली. मुलीची पालखी राजवाड्याकडं निघाली. पहिल्या खेपेला या जागी काय होतं ते मला आठवत नव्हतं. मी पर्समध्ये रुमाल शोधत होते की काय कुणास ठाऊक. आता बघितलं. पालखी गेल्यावर म्हातारा अत्तरवाला घरात येतो. पार्श्वसंगीत थांबतं, एवढ्या सिनेमात पहिल्यांदाच. तो मुलीच्या खोलीत जातो. संध्याकाळची वेळ, खिडकी लावायला पुढं होतो, तर खिडकी आधीच लावलेली. जाता जाता मुलगीच लावून गेलेली. त्याला करायला काहीच उरत नाही. तो जरा वेळ तसाच उभा राहतो. मग कडी काढतो, खिडकी उघडतो, आणि पुन्हा लावतो. कडी घालतो. आणि बाहेर जातो. बस्स. एक शब्द नाही, अश्रू नाही, झुंबर नाही.

आपा बोलायच्या थांबल्या होत्या.

मी यांच्याकडं बघितलं. ते चष्मा काढून डोळे पुसत होते. मग उठले. मध्यंतराला अजून अवकाश होता, पण ते उठले आणि पायऱ्या उतरून बाहेर गेले.

"चहा प्यायला गेले असतील," आपा कुजबुजल्या. आम्ही वाट बघितली. मध्यंतर झालं, संपलं, लढाई सुरू झाली, राजपुत्रानं घोड्यावर मांड टाकली, हे आले नाहीत. मग मात्र आम्हीच उठलो.

ते बाहेरच होते. थिएटरच्या आवाराबाहेर लिंबाच्या सावलीत एक चहाची टपरी आहे, तिथल्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते. आम्हाला बघून दचकले नाहीत. चहावाल्याला म्हणाले, "अजून दोन दे."

मी उभ्याउभ्याच विचारलं, "तुम्ही इथं काय करताय?"

"सिनेमा बघायला आलो होतो."

"अर्धाच?"

"पुढं काय हाय?" ते म्हणाले. "सगळी मरत्यात."

यांचं बालपण वळसंगला गेलं. कचेरीनं त्यांची भाषा घासूनपुसून साफ केली, पण मनातलं बोलायला लागले की वळसंग वर येतं. आपांना हसू आवरेना. मलाही आलं असतं, पण मला उत्तर हवं होतं.

"म्हणजे तुम्ही तेवढी खिडकी बघायला येता?"

त्यांनी चहाचा पेला बाकावर ठेवला. मग म्हणाले, "पोरीची बंगळुरूची बस सुटली त्या दिवशी मी डिकीपाशी होतो. क्लीनर बॅग आडवी टाकत होता, मी म्हटलं उभी ठेव, आत लोणच्याची बरणी हाय. तो ऐकंना, मी सोडंना. तेवढ्यात बस हलली. ती खिडकीतून हात करत होती म्हणं. तू मला नंतर सांगितलंस."

हे खरं होतं. लोणच्याच्या बरणीवरून हे क्लीनरशी भांडत राहिले आणि लेक आमच्या बाजूच्या खिडकीतून हात हलवत निघून गेली. घरी आल्यावर मी रडले. यांनी मला पाण्याचा ग्लास दिला, अगदी कचेरीत देत असत तसा.

"घरी आल्यावर मी तिच्या खोलीत गेलो," ते पुढं म्हणाले. "पंखा चालू राहिला होता. बंद केला. पाती थांबेपर्यंत बघत बसलो. मग पुन्हा चालू केला."

मला ती संध्याकाळ आठवली. रिकाम्या खोलीत पंखा फिरतोय म्हणून मीच बडबडत जाऊन बंद केला होता, आणि विसरून गेले होते. आपांनी आपल्या पेल्यातला चहा संपवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, तो म्हातारा एक शब्द बोलत नाही, ते बरं हाय. बोलला असता तर चुकीचंच बोलला असता ह्या सिनेमात."

हे हसले. आम्ही तिघं एकाच रिक्षानं घरी आलो.

त्यानंतर मी ठरवलं, यांच्याबरोबर एकदा आपण जायचं. फक्त तेवढ्यासाठी. मध्यंतराआधी बाहेर, लिंबाखाली चहा, घरी. यांनाही ते आवडलं, इतकं की इस्त्रीचा शर्ट घातला. पण त्या आठवड्यात सिनेमाची नवी जाहिरात आली होती. सिनेमा फार लांबलाय अशी ओरड झाली होती म्हणून निर्मात्यांनी तो कापून आखूड केला होता. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, प्रेक्षकांच्या आग्रहाखातर. मला आनंद झाला. म्हटलं, राजपुत्राला निदान दोनदा उठण्याऐवजी एकदाच उठू देतील.

पालखी निघाली. यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. पालखी वळणावर दिसेनाशी झाली आणि पडद्यावर एकदम राजवाडा आला, शंभर नाचणाऱ्या बायका आणि त्यांच्या डोक्यावर ते सगळ्यात मोठं झुंबर. ढोल सुरू झाले.

"चुकलं काय त्यांचं?" हे माझ्या कानात म्हणाले.

मला कळलं होतं, पण सांगवेना. हे वाट बघत राहिले. कदाचित पुढं टाकलं असेल, असं म्हणाले. मध्यंतर झालं. म्हणाले, थांबू या जरा, नंतर आठवण म्हणून दाखवतील. म्हणून आम्ही पुढचं सगळं बघितलं. ती लढाई, तो बाण. राजपुत्र आभाळाकडं बघून, शेर म्हणून, घोड्याची समजूत घालून, उठून, पडून, पुन्हा उठून मेला. त्यातलं एक अक्षरही कापलं नव्हतं. ती पण पूर्ण व्हरांडाभर पळाली. एवढ्या मोठ्या सिनेमात कात्री लावायला निर्मात्यांना नेमकी ती एक खिडकी सापडली होती.

दिवे लागले तसे हे उठले आणि सरळ व्यवस्थापकाच्या खोलीकडं निघाले. मी मागून "अहो, जाऊ द्या" म्हणत होते. ज्या माणसानं हॉटेलात खारट आमटी आली तरी कधी तक्रार केली नाही, तो माणूस दार ढकलून आत शिरला.

आत एक तरुण मुलगी होती, कोट घातलेली, हातात वॉकीटॉकी. आमच्या लेकीच्याच वयाची असेल. "बसा ना काका," ती म्हणाली.

"बसत न्हाय. खिडकी कुटं गेली?"

"कुठली खिडकी, काका? एसीचा प्रॉब्लेम आहे का?"

"म्हातारा खिडकी लावतो ती! आमी काय फुकट बगतोय व्हय? मरणाऱ्याला एवढा येळ देता, आन् बापाला खिडकी लावायला येळ न्हाय?"

मुलगी आधी गोंधळली, मग तिच्या लक्षात आलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी नजर चुकवली नाही, कारण त्या घटकेला मला माझ्या नवऱ्याचा फार अभिमान वाटत होता.

"काका, ते आम्ही नाही कापत," ती म्हणाली. "वरून तसाच येतो सिनेमा. मला पण तो सीन आवडायचा, खरंच. पण काय व्हायचं माहितीये का, त्या सीनला गाणं नाही, काही नाही, तर पब्लिक उठून बाहेर यायची. आमचं पॉपकॉर्न सगळ्यात जास्त त्याच वेळी खपायचं. आता तो सीन गेला तर आमच्या कॅन्टीनवाल्याची पण तक्रार आहे."

विम्याच्या कचेरीत बसून यांनी माणसाच्या दुःखाची अनेक रूपं बघितली होती, पण पॉपकॉर्न खपायची वेळ हे रूप त्यांच्यासमोर कधी आलं नव्हतं. त्यांनी त्या मुलीला "बरं बरं" म्हटलं. तिनं आम्हाला पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या. पाण्याची बाटली हातात घेऊन दारातून बाहेर पडणारे हे, असं मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. आजवर पाणी पुढं करायचं काम त्यांचं होतं.

खाली गाड्या लावायच्या जागेत आल्यावर त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि लेकीला फोन लावला. भर दुपारी, तिच्या कामाच्या वेळात. ती घाबरून म्हणाली, "बाबा? काय झालं? आई कुठंय?" यांना फोन कानाला लावायची सवय नाही, ते स्पीकरवर ठेवून समोर धरतात, म्हणून मला सगळं ऐकू येत होतं.

"काय न्हाय. सिनेमा बघून आलो. तू बघितला होतास ना?"

"हो! लई रडले मी, बाबा. तो मरतो तेव्हा तर..."

"अगं, तो मरतो त्याचं काय घेऊन बसलीस!" हे ओरडले. शेजारून जाणाऱ्या एका स्कूटरवाल्यानं मागं वळून बघितलं. "ती खिडकी बघितलीस का? म्हातारा खिडकी लावतो ती?"

"असा सीन होता? मला नाही आठवत. कदाचित मी काही खायला आणायला गेले असेन."

माझ्या पोटात हसू फुटलं, पण यांच्या चेहऱ्याकडं बघून मी ते आतच ठेवलं. मला वाटलं आता हे फोन ठेवतील. ठेवला नाही. त्यांनी तिला तो सीन सांगायला सुरुवात केली. संध्याकाळ होती इथपासून. खोली कशी होती, खाट कुठं होती, म्हाताऱ्यानं हात कसा पुढं केला. कडी काढताना कसा थांबला. पडद्यावर लागतो त्याच्यापेक्षा त्यांना जास्त वेळ लागला. एका हातात फोन आणि दुसऱ्या हातानं, दुचाक्यांच्या रांगेसमोर, एक नसलेली खिडकी उघडून पुन्हा लावून दाखवली. तिकडं लेकीला ते दिसणार नव्हतं, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मग बोलता बोलता बसचं सांगितलं, बरणीचं सांगितलं, आणि पंख्याचंही.

मग ती म्हणाली, "बाबा, पंखा परत चालू का केलात?"

"उकडत होतं."

"कुणाला?"

यांनी फोन माझ्या हातात दिला आणि कोपऱ्यातल्या नळावर तोंड धुवायला गेले. लेक मला विचारत होती, बाबा बरे आहेत ना? मी म्हटलं, बरे आहेत. ती म्हणाली, मग तू का रडतेस? मी म्हटलं, मी कुठं रडतेय, सोलापुरात धूळ फार आहे.

तो सिनेमा पुढं आमच्या थिएटरातून उतरला. वर्षाअखेर त्याला बक्षिसंही मिळाली. कपड्यांना मिळालं, नाचाला मिळालं, राजवाडा उभा करणाऱ्यांना मिळालं, आणि इतका वेळ घेऊन मेल्याबद्दल राजपुत्रालाही मिळालं. त्या म्हाताऱ्या नटाला काही नाही. आपा आमच्याकडं बसून टीव्हीवर तो समारंभ बघत होत्या. राजपुत्रानं बक्षीस घेताना उर्दूत चार ओळी म्हटल्या, तशा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला, आवाज बंद केला आणि आम्हाला म्हणाल्या, "हे बक्षीस परत घ्यायची काही सोय असते का?"

लेक मात्र त्याआधीच, जूनमध्ये दोन दिवसांसाठी आली, कुठलंही कारण न देता. आली ती दुपारपर्यंत झोपली, उठली ती मोबाइल घेऊन बसली, आणि पाण्याच्या मोटारीवरून बापाशी भांडली. हे पण तिच्याशी भांडले. दोघं मजेत होती. जाताना तिनं काहीच ठरवून सांगितलं नाही, पण तेव्हापासून तिचा फोन माझ्या मोबाइलवर यायच्याऐवजी थेट यांच्या मोबाइलवर येतो. काय बोलतात म्हणाल, तर काही नाही. तिच्या घरमालकिणीबद्दल, आमच्या टाकीच्या तोटीबद्दल, तिकडं ज्वारी काय भावानं मिळते त्याबद्दल. मी स्वयंपाकघरातून ओरडते, "अहो, मला पण द्या जरा." तर हे हात वर करून मला थांबवतात आणि म्हणतात, "थांब गं, आमचं चाललंय."